म्बाह पोनिरांचं कुंपण

म्बाह पोनिरा वारल्या त्याला आज नऊ दिवस झाले. मला अजून ते पटत नाही. सकाळी कार्यालयात जाताना त्यांच्या अंगणाकडे मान वळते आणि मी ती लगेच सरळ करते. मान सरळ करायची सवय गेल्या सहा महिन्यांतली. त्याआधी मी तिथे थांबत असे.

चाळिसाव्या दिवशी वाटायच्या प्रार्थनेच्या पुस्तिकेत त्यांचा फोटो आणि माहिती छापायची आहे. गावप्रमुखांच्या पत्नी बू हारनी म्हणाल्या, तू साहित्य शिकलीस, तूच लिही, पाच ओळी पुरेत. पाच ओळी मी लिहून दिल्या. जन्मसालापुढे 'अंदाजे' लिहिलं. जे त्यात बसलं नाही ते इथे लिहिते आहे.

आमच्याकडे आजीला म्बाह म्हणतात आणि बाईमाणसाला मानानं बू. म्बाह पोनिरा ओपाक नदीच्या पलीकडच्या. लग्न होऊन आमच्या गावात आल्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं आणि काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली काड्यांची जुडी. आईनं दिलेली. नवऱ्याला वाटलं, बायकोनं माहेरहून सरपण आणलं. तो नदीतली वाळू उपसायचा. पुढच्या पावसाळ्यात त्याची पाठ धरली तेव्हा ते सरपण कशाचं होतं ते त्याला कळलं. तो काळा अडुळसा होता. आमच्याकडे त्याला गंदारुसा म्हणतात.

त्या जुडीचं कुंपण झालं. रस्त्याच्या कडेनं तीस पावलं लांब, छातीइतकं उंच, सरळ कुठेच नाही. नवरा गेला. मुलगा सुमात्राला मिरीच्या मळ्यात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. कुंपण राहिलं. लोक पत्ता सांगतानाही कुंपणाचाच सांगत. काळं कुंपण ओलांडलं की डावीकडे वळा.

मी आठ वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडले. घोटा सुजून हंडीसारखा झाला. आईनं मला पाठुंगळी मारून म्बाहकडे नेलं. त्यांनी घोटा दोन्ही हातांत धरला, हाड चाचपलं आणि विचारलं, "पेरू खाली पडेपर्यंत दम नव्हता, म्हणून तूच पडलीस होय, न्दुक?"

आमच्याकडे म्हातारी माणसं मुलीला न्दुक म्हणतात. मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्यांनी घोटा वळवला. मी एकदाच ओरडले. मग त्यांनी निखाऱ्यावर पानं धरली, मऊ होईपर्यंत. त्यांना खोबरेल लावलं, घोट्यावर थर दिला, वरून केळीच्या पानाची पट्टी आणि सुती धांदोटी. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी मी चालत घरी आले.

निघताना आईला तीन काड्या मिळाल्या. तशी रीत होती. बरं झालेल्यानं काडी घरी न्यायची आणि लावायची. उपकार झाले असं म्हणायचं नाही. आणि ज्यानं काडी दिली त्यानं ती कधी परत मागायची नाही. मागितली तर गेलेलं दुखणं त्या घरात परत येतं. म्बाहनी चाळीस-पन्नास वर्षांत किती काड्या वाटल्या असतील कोण जाणे. त्यांनी मोजल्या नाहीत.

त्यानंतर मी शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. त्यांच्या गालात तंबाखूची गोळी असायची, त्यामुळे बोलणं तुटक. त्या म्हणत, आधी खोड बघ. पान फसवतं, खोड फसवत नाही. कोवळं खोड वांग्याच्या सालीसारखं काळपट जांभळं. पेरं सुजलेली, म्हातारीच्या बोटांसारखी. असं म्हणून त्या स्वतःची बोटं दाखवत. फांदी पेरावर वाकवली की टक् आवाज होऊन मोडते. पान अरुंद, भाल्याच्या टोकासारखं, आणि मागची मधली शीर जांभळट. चुरगाळलं तर कडू वास, तो पुढच्या जेवणापर्यंत बोटांना राहतो. लावायची काडी तीन पेरांची. दोन पेरं मातीत, एक वर, जरा तिरकी. डोळा आभाळाकडे. पावसाच्या तोंडाला लावायची, आठ दिवस सावली करायची. उन्हाळ्यात लावली तर काडी मरते आणि लावणाऱ्याची अब्रू जाते.

वाळलेली पानं त्या तांदळाच्या पेटीत टाकत, किडे लागू नयेत म्हणून. म्हाताऱ्यांच्या पाठीला पानं, आलं आणि लाल कांदा वाटून लेप. पोटातून घ्यायला मात्र कुणाला देत नसत. गरोदर बाईला तर अंगणातून पानही तोडू देत नसत.

हे सगळं मला पाठ होतं. फक्त झाड ओळखता येत नव्हतं. ते मला या वर्षी कळलं.

म्बाहच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत. मला वाटतं, गुण त्यांच्या जिभेला होता. त्या पानाबद्दल खोटं बोलत नसत. एकदा शहरातून एक मोठा माणूस गाडी करून आला, खांदा आखडलेला. कुंपण नुकतंच छाटलं होतं. म्बाह म्हणाल्या, पानं फार कोवळी आहेत, उपयोग नाही, पंधरा दिवसांनी या. तो म्हणाला, आहेत तीच लावा. म्बाह म्हणाल्या, मग माझ्याकडे कशाला आलात, केळीचं पान बांधा, ते मोठं तरी असतं. तो पंधरा दिवसांनी परत आला. हाड मोडलेलं असेल तर त्या हात लावत नसत, दवाखान्यात पाठवत. त्यांनी 'हे पान लागू पडेल' म्हटलं की माणूस अर्धा तिथेच बरा व्हायचा.

मी योग्याकार्ताहून साहित्याची पदवी घेऊन आले आणि गावच्या कार्यालयात टंकलेखनाला लागले. या वर्षी घरगुती औषधी बागांची स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक जिल्ह्याहून येणार, रोजे सुरू व्हायच्या आधी. बू हारनींनी मनावर घेतलं. रस्त्यालगतच्या दहा अंगणांत सारखे वाफे, सारखं पांढरं बांबूचं कुंपण, प्रत्येक झाडापुढे पाटी, पाटीवर शास्त्रीय नाव. पाट्या मी लिहायच्या. माझं अक्षर चांगलं आहे.

पहिलं अंगण म्बाहचं होतं. त्यांचं कुंपण वाकडं. बू हारनी म्हणाल्या, ते जंगल काढायला हवं, आत वाफ्यात त्याच झाडाची दोन रोपं नीट लावू. म्बाहला विचारायला मला पाठवलं, कारण मी त्यांची लाडकी.

मी विचारलं. म्बाह म्हणाल्या, चहा घे. मी घेतला. त्या पावसाबद्दल बोलल्या, या वर्षी लवकर संपला म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझा पेला पुन्हा भरला, अर्धा शिल्लक असताना. उकडलेल्या शेंगा पुढे सरकवल्या. कोपऱ्यावरच्या झुडपाकडे बघत म्हणाल्या, त्या बाजूची फूट गेल्या वर्षी फार छान होती. मी तिसऱ्यांदा विचारलं.

"तुम्हां शिकलेल्यांना बरं वाटेल तसं करा, न्दुक," त्या म्हणाल्या.

आमच्या गावात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. पेला पुन्हा भरतात. अर्धा पेला भरला गेला की विचारणाऱ्यानं उठायचं, चहाची तारीफ करायची आणि तो विषय आयुष्यात परत काढायचा नाही. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोराला कळतं. मलाही कळलं. मी चहा संपवला आणि बू हारनींना जाऊन सांगितलं, म्बाहची हरकत नाही.

रविवारी गावातले पुरुष श्रमदानाला आले. मुळं खोल गेली होती, पहारी लागल्या. म्बाहनी त्या सगळ्यांना चहा दिला, तळलेला कसावा दिला. एकाचा हात पहार मारताना लचकला. म्बाहनी त्याच्याच बाजूला पडलेल्या ढिगातली पानं घेऊन त्याचा हात बांधला. ढीग संध्याकाळी जाळला. त्यांनी काही काड्या मागच्या दारी लावल्या होत्या, पण पाऊस गेला होता. त्या मेल्या.

वाफ्यासाठी रोपं मी रोपवाटिकेतून आणली. म्हणजे आणवली. मोबाइलवर फोटो आला, पानं लांबट, खोड जरा तांबूस, खाली नाव लिहिलेलं. मी 'ठीक' असं उत्तर पाठवलं. रोपं आली, लावली गेली. मी पाटी लिहिली, जस्टिशिया गेंदारुसा, काळ्या रंगात, दोन ओळी वेलबुट्टी काढून.

परीक्षक आले त्या दिवशी अर्धं गाव म्हाताऱ्या-कोताऱ्यांसह म्बाहच्या अंगणात होतं. परीक्षक बाई जिल्ह्याच्या, हातात फाइल. त्यांना उपचार करून दाखवायचे होते. रोगी म्हणून बू लेगिना बसल्या. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या बू लेगिना, डोक्यावर पाटी घेऊन रोज चार गावं चालतात. त्यांचा उजवा गुडघा बारा वर्षं म्बाहच्या हातात होता.

म्बाह वाफ्याशी वाकल्या. एक फांदी पेरावर वाकवली. आवाज झाला नाही. फांदी नुसती लवली. त्यांनी पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

तेवढंच. फार तर एक श्वासभर.

मला त्या एका श्वासात सगळं कळलं. ते शोभेचं झाड होतं. हॉटेलांच्या दारात कुंड्यांतून ठेवतात तसलं.

म्बाहनी आणखी चार पानं तोडली. निखाऱ्यावर धरली. ती मऊ व्हायच्या ऐवजी कडेनं करपली. खोबरेल लावलं. बू लेगिनांच्या गुडघ्यावर थर दिला, पट्टी गुंडाळली, गाठ मारली. त्यांचे हात नेहमीसारखेच चालत होते. परीक्षक बाईंनी पान उचलून पाहिलं आणि विचारलं, "हा काळा अडुळसाच ना, म्बाह? जरा रुंद वाटतंय पान."

म्बाह म्हणाल्या, "तोच."

बाईंनी बू लेगिनांना विचारलं, कसं वाटतं. बू लेगिना एरवी गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्या गुडघ्याकडे बघत म्हणाल्या, बरं वाटतंय. मागे उभ्या बायका वाफ्याकडे बघत होत्या. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पाटी माझी होती, रोप माझं होतं. मी वेलबुट्टीकडे बघत उभी राहिले.

आम्हांला तिसरा क्रमांक मिळाला. काचेची ढाल कार्यालयात माझ्या टेबलासमोरच्या कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी मी सांगायला गेले. म्हणजे माफी मागायला. म्बाह ओट्यावर होत्या. मी म्हटलं, म्बाह, कालचं ते रोप. त्यांनी चहा ओतला. मी म्हटलं, चूक माझी होती. पेला अर्धा होता. त्यांनी तो भरला.

"अक्षर मात्र सुंदर होतं तुझं," त्या म्हणाल्या.

म्बाहला वाचता येत नव्हतं.

या वेळी मी रीत पाळली. उठले, चहा छान झाला म्हटलं आणि निघाले. त्या वेळी मला हायसं वाटलं, हे लिहायलाच हवं.

त्यानंतर म्बाहकडे कुणी आलं नाही. आधी मला वाटलं, रोजे आहेत, उपाशीपोटी मालिश कोण करून घेणार. ईद झाली तरी कुणी नाही. पोरांचे पाय लचकले की आया त्यांना नदीपलीकडच्या मालिशवाल्याकडे नेऊ लागल्या. बू लेगिना लंगडत जात, म्बाहच्या अंगणासमोर आलं की पाटी दुसऱ्या बाजूला घेत, म्हणजे तोंड दिसू नये. त्या एका शब्दानं म्बाहची सगळी पत गेली, असं मी समजले. म्बाहही तेच समजल्या असतील. मी गावात चार घरी जाऊन एवढं सांगितलं असतं, की रोप चुकीचं होतं, चूक माझी होती, म्हातारीनं मला पाठीशी घातलं, तर ती पत परत आली असती. चार घरं. माझ्या दारापासून शंभर पावलांच्या आत. बू हारनींची ढाल, माझं पद, माझं अक्षर. मी गेले नाही.

ईदेला आमच्याकडे लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागायची असते. शब्द ठरलेले. कळत नकळत, मनानं देहानं घडलेले सगळे अपराध पोटात घाला. मोठे म्हणतात, माझेही घाल. मी म्बाहच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, ठरलेले शब्द म्हटले आणि न ठरलेला एक म्हणायला तोंड उघडलं. मागे शेजारची सून तिचं मूल घेऊन ताटकळत होती. म्बाहनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ठरलेलं उत्तर दिलं आणि सुनेला म्हणाल्या, ये गं. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता. अडुळशाचा नव्हता. लहानपणापासून मी तो वास त्यांच्या हातांचाच समजत होते.

पावसाळा आला. म्बाह नवं कुंपण लावतील असं मला वाटलं होतं. पण काड्या कुठून आणणार? गावात घरोघरी त्यांनीच दिलेल्या होत्या, आणि दिलेली परत मागायची नाही. कुणी आपण होऊन दिलीही नाही. दोन आठवड्यांपूर्वी त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं हाक मारली तेव्हा त्या गेल्या होत्या. अंगणात पांढरं बांबूचं कुंपण आणि पाटी. पावसानं अर्धी शाई धुतली होती.

सातव्या दिवशी संध्याकाळच्या नमाजानंतर पुरुष पुढच्या अंगणात प्रार्थनेला बसले. बायका मागच्या दारी डबे भरत होत्या. भात, शेवया, कोंबडीचा तुकडा, तांदळाचे आपेम. मी भाताच्या ओळीत होते. माझ्या शेजारी बू लेगिना, पाय लांब करून. पुढून प्रार्थनेचा सूर येत होता. कुणीतरी म्हणालं, म्हातारी शेवटी फार एकटी पडली.

मी बोलले. भाताचा डाव हातात तसाच धरून. रोप मी आणलं होतं, ते अडुळसा नव्हतं, म्बाहला तिथेच कळलं होतं, त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. कुंपणाचंही सांगितलं, की त्यांनी अर्धा पेला पुन्हा भरला होता. माझा आवाज वर गेला असावा, कारण पुढचा सूर क्षणभर अडखळला.

बायकांचे हात थांबले. बू लेगिना शेवयांच्या टोपात बघत होत्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं तो वास माझ्या गुडघ्याला होता. मला कळणार नाही?"

मी विचारलं, मग तुम्ही जायचं का सोडलं?

"कसं जाणार? त्यांना माझ्यासमोर खोटं बोलावं लागलं होतं. मी दारात उभी राहिले असते तर त्यांना ते रोज आठवलं असतं. म्हटलं, चार महिने जाऊ देत. त्यांची लाज निवेल."

पलीकडची शेजारीण म्हणाली, मीही म्हणूनच. फांदी लवली तेव्हा मी पाहिलं होतं. आपेम भरणारी म्हणाली, आमच्या परसात झुडूप आहे, मी दोनदा काड्या कापून ठेवल्या. पण नेऊन दिल्या असत्या तर त्याचा अर्थ तुमचं ते खोटं होतं, असाच झाला असता ना.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. पत गेलीच नव्हती. सगळं गाव म्हातारीची लाज राखायला सहा महिने तिच्या दारावरून मान वळवून जात होतं. आणि ती ओट्यावर बसून त्या वळलेल्या माना बघत होती.

कुणी रडलं नाही. बू हारनी चुलीजवळ होत्या, त्या उठून पाणी आणायला गेल्या. कुणीतरी डबा पुढे सरकवला. मी त्यात भात भरला.

पुढच्या डब्यात शेवया घालताना बू लेगिना म्हणाल्या, "हे तू त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतंस."

मी म्हटलं, हो.

"आणि आम्हीही." त्यांनी पाय आखडून घेतला. "आता हा गुडघा कुणाला दाखवू?"

मग त्यांनीच विचारलं, तुमच्या घरचं झाड आहे ना अजून? मी म्हटलं, कुठलं झाड? त्यांनी शेवयांचा टोप बाजूला सारला.

"न्हाणीमागचं. तू पेरूवरून पडलीस तेव्हा तुझ्या आईनं लावलेलं. शिकवून शिकवून काय शिकवलं तुला त्यांनी?"

न्हाणीमागचं झुडूप. मी रोज त्यावर ओला टॉवेल टाकते.

सकाळी मी जाऊन पाहिलं. खोड काळपट जांभळं. पेरं सुजलेली. वाकवलं तर टक् आवाज झाला. मी तीन-तीन पेरांच्या सात काड्या कापल्या आणि पांढऱ्या कुंपणाच्या कडेनं लावल्या, दोन पेरं आत, तिरक्या. पाटी उपटून घरी आणली. ती दप्तरात आहे.

आज सकाळी तिथून जाताना मान वळली, ती मी सरळ केली नाही. बू लेगिना कुंपणापाशी वाकल्या होत्या, टेंपेची पाटी खाली ठेवून. त्यांनी दोन काड्या उपटल्या, फिरवल्या आणि परत खोचल्या.

"उलट्या लावल्यास," त्या म्हणाल्या. "डोळा आभाळाकडे."

मग पाटी डोक्यावर घ्यायला मी हात दिला आणि त्या लंगडत पुढच्या गावाला गेल्या.